मिड सफोकचा निकाल आणि आपली मते



आज एकाच निकालाबद्दल बोलतो. ४ मे २०२३ रोजी सफोकमधल्या मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिलची निवडणूक झाली आणि ३४ पैकी २४ जागा ग्रीन पार्टीने जिंकल्या. ब्रिटनमध्ये एखाद्या कौन्सिलात या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ. ब्रायटनमध्ये २०११ साली त्यांची सत्ता आली होती, पण बहुमत नव्हते. ते दिले स्टोमार्केट, नीडहम मार्केट आणि भोवतालच्या शेतीवाल्या खेड्यांनी!

पॅरिश म्हणजे ग्रामपंचायत, काउंटी म्हणजे जिल्हा परिषद आणि मधली ही पंचायत समिती, असे ढोबळमानाने समजा. शाळा-रस्ते काउंटीकडे, कचरा आणि बांधकामाचे परवाने हिच्याकडे.

लोक हवामानबदलाच्या काळजीने जागे झाले, असे मानायला मला आवडले असते. पण २०१९ मध्येच या पक्षाच्या तिथे १२ जागा होत्या. २०२३ मध्ये हुजूर पक्षाने इंग्लंडभर हजारावर जागा गमावल्या, तो वारा होताच. मात्र वारा आला तेव्हा शीड उभारून कोण बसले होते, हेही पाहायला हवे. प्रभाग एवढे लहान की काहीशे मतांत चित्र पालटते. अशा ठिकाणी जाहीरनाम्यापेक्षा दारावरची थाप मोठी, असे माझे मत.

आता आपल्याविषयी. भारतीय पासपोर्ट असलेल्या, इथे रीतसर राहणाऱ्या माणसाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून या निवडणुकांत मत देता येते. व्हिसावर असलात तरीही. मला हे नऊ वर्षे ठाऊक नव्हते, डॉक्टरेट असूनही! तेवढ्या काळात महाराष्ट्र विधानसभेवर मी किती पानांच्या ईमेल लिहिल्या असतील कोण जाणे. तिथे मत द्यायचे तर विमान पकडावे लागते. इथले मतदान केंद्र माझ्या घरापासून चार मिनिटांवर, गावच्या हॉलमध्ये. २०२३ पासून तिथे फोटो ओळखपत्र लागते; आपला भारतीय पासपोर्ट चालतो.

डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ही दुपदरी रचना मोडून मोठी, एकसंध कौन्सिले करायचे ठरवले. म्हणजे काहीशे मतांचे हे प्रभागही जाणार. मला ते पटत नाही, त्यावर चर्चेत भांडू.

नोंदणीचा अर्ज ऑनलाइन पाच मिनिटांत होतो. नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. चहाच्या टेबलाशेजारी माझा लॅपटॉप उघडा आहे.