धान्याच्या पोत्यातले पाणी



गव्हाचे पोते दिसते कोरडे. परंतु एक किलो गहू पिकविण्यास सरासरी हजार लिटरांहून अधिक पाणी खर्ची पडते. धान्य परदेशी धाडले की त्यामागे हे पाणीही गेले, असेच समजावे. टोनी ॲलन या ब्रिटिश भूगोलवेत्त्याने १९९० नंतरच्या दशकात त्यास ‘आभासी पाणी’ असे नाव दिले. या विचाराबद्दल त्यांना २००८ साली स्टॉकहोम जल पारितोषिक लाभले.

या दृष्टीने सौदी अरेबियाचे उदाहरण उद्बोधक आहे. त्या देशात एकही बारमाही नदी नाही. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले. तसेच उद्या कोणी आपले धान्य रोखील, ही धास्ती तेथील राज्यकर्त्यांना वाटू लागली. म्हणून सरकारने जागतिक भावाच्या कित्येक पट दराने देशी गहू खरेदी करण्यास आरंभ केला. हजारो वर्षांपूर्वी, पाऊसमान बरे असताना, खडकांत मुरलेले पाणी खोल विहिरींतून उपसले गेले. १९९२ च्या सुमारास उत्पादन ४० लाख टनांपर्यंत पोचले आणि हा वाळवंटी देश गहू निर्यातही करीत होता! भूजलाच्या अशा उपशाने अल-अहसा येथील पुरातन झरेही आपोआप वाहीनासे झाले.

२००८ साली धोरण फिरले. २०१६ मध्ये देशी गव्हाची सरकारी खरेदी थांबली. तेव्हा पुष्कळ शेतकरी लसूणघासाकडे वळले. या चाऱ्याची तहान गव्हाहूनही मोठी. अखेर चाऱ्यावर निर्बंध घालून मर्यादित गहूखरेदी पुन्हा सुरू करावी लागली.

धान्य बाहेरून आणण्यात कमीपणा नाही. ओल्या प्रदेशाने पिकवावे आणि कोरड्याने विकत घ्यावे, हा शहाणपणाचाच व्यवहार होय. मात्र विकणाराची भूमीही तहानलेली असेल तर? सौदी दुग्धशाळांसाठी चारा अमेरिकेतील रखरखीत ॲरिझोनातही पिकविला गेला. तेथील भूजलावरून वाद पेटला आणि २०२३ साली त्या राज्याने आपल्या जमिनींचे भाडेपट्टे संपुष्टात आणण्याचा निर्णय घेतला. सौदी अरेबिया हा भारतीय बासमतीचाही मोठा ग्राहक. आणि तो तांदूळ मुख्यतः पिकतो पंजाब-हरियाणात, जेथे भूजल वर्षानुवर्षे खोल जात आहे.

शेतकऱ्याला दाम मिळतो, व्यापाऱ्याला नफा मिळतो, देशाला परकीय चलन मिळते. उपसलेल्या पाण्याची मात्र कोणत्याच वहीत नोंद होत नाही. ही नोंद ठेवण्याचा आग्रह सुजाण नागरिकांनी धरला पाहिजे.