घाट खालून चढावा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेवर माझा विषय 'सह्याद्रीतील निसर्ग आणि इतिहास' असा छापला आहे. तो तसाच धरला तर अर्धा तास धबधबे आणि अर्धा तास गड, अशी वाटणी करावी लागेल. ती मला जमायची नाही, कारण डोंगरात हिंडताना मला या दोन गोष्टी कधी वेगळ्या सापडल्याच नाहीत. म्हणून आज मी तुम्हाला एकाच वाटेने नेणार आहे. मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावर वैशाखरे गाव आहे, तिथून ही वाट सुटते आणि नाणेघाट चढून जुन्नरला पोचते. पायांत बळ उरलं तर हरिश्चंद्रगडावर जाऊन येऊ.

नाणेघाट मी पहिल्यांदा पाहिला तो वरून. जुन्नरकडून घाटघरपर्यंत गाडीरस्ता आहे. गाडी लावली, कड्याच्या टोकाशी उभं राहून वारा खाल्ला, तो प्रसिद्ध दगडी रांजण पाहिला, नानाचा अंगठा म्हणतात त्या टोकावर जाऊन कोकण न्याहाळलं, थोडं खाली उतरून लेण्यात डोकावलो. भिंतीवर काही अक्षरं होती, ती कळली नाहीत. तासाभरात परत निघालो. आपल्याकडे एक बोलायची रीत आहे ना, राजगड झाला, रायगड झाला, तसा माझा नाणेघाट 'झाला'. रांजणापाशी एक म्हातारे बाबा शेळ्या घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "खालून आला का?" मी म्हटलं, "नाही, गाडीने." बाबा म्हणाले, "मंग घाट कुठं बघितला तुमी?"

ते वाक्य मला लागलं. पुढच्या हिवाळ्यात मी वैशाखऱ्याला उतरलो आणि पहाटे चालायला लागलो.

सुरुवातीला साग, मग ओढा, मग कारवीचं रान. कारवी दर सात वर्षांनी एकदाच फुलते. फुलोऱ्याच्या साली अख्खी उतरण निळीजांभळी होते आणि रानात मधमाश्यांचा घुमारा भरतो. एरवी ती नुसत्या काटक्यांची दाटी वाटते, पण याच काटक्यांचे कूड घालून डोंगरातली घरं उभी राहिली आहेत. कारवीतून बाहेर आलं की समोर भिंत दिसते. सह्याद्री कोकणातून पाहिला की भिंतच असते. पठारावरून जे नुसतं जमिनीचं टोक वाटतं, ते खालून पाहिलं की छाती दडपते.

या भिंतीची घडण थोडी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. तो एकदा येऊन थांबला नाही. थर पसरला, निवला, त्यावर दुसरा आला, तिसरा आला. म्हणून आपल्या डोंगराला आडवे पट्टे दिसतात. काही थर घट्ट काळ्या दगडाचे, ते सरळ कड्याच्या रूपाने उभे राहतात. काही थर वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले, ते लवकर झिजतात आणि त्यांची उतरण होते. उतरण, कडा, उतरण, कडा, वर सपाट माथा. गड बांधणाऱ्याला अर्धा तट निसर्गाने आधीच बांधून दिलेला असतो. लेणं कोरणारा एकसंध थर बघून हातोडा उचलतो, आणि ओढ्याचं पाणी कड्यातली कमजोर जागा हेरून तिथे खाच पाडतं. त्या खाचेला आपल्याकडची माणसं नाळ म्हणतात. नाळेतून जनावर गेलं, त्याच्यामागून गुराखी गेला, मग बैलांचा तांडा. अशी घाटवाट पडते. नाणेघाट ही कड्यातली अशीच एक अरुंद खाच आहे. पावसाळ्यात कोकणातला वारा तिच्यात इतक्या जोराने घुसतो की खाली पडणारं पाणी उलटं उडून वर येतं.

चढण अडीच-तीन तासांची. शेवटच्या टप्प्यात दगडात बसवलेल्या पायऱ्या लागतात, कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागतात, आणि घसा कोरडा पडला असताना, गुडघे बोलू लागले असताना, लेणं समोर येतं. त्याचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणजे चढून येणाऱ्याकडे. वरून उतरणाऱ्याला ते वळून शोधावं लागतं. आत बसायला कोरलेले ओटे. मी त्या ओट्यावर पाठ टेकली आणि मला पहिल्यांदा कळलं की हे लेणं कोणासाठी आहे. ते दमलेल्या माणसासाठी आहे.

आता भिंतीकडे बघा. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात एक मोठा लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला, सातवाहन राणी नागनिकेचा तो मानला जातो. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1828 मध्ये त्याची दखल घेतली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो वाचण्याचं मोठं काम केलं आणि अभ्यासक ब्यूलर यांनी 1883 मध्ये त्याचं वाचन प्रसिद्ध केलं. लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, चार लोकपाल यांना वंदन आहे. मग अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची यादी. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. एका ठिकाणी 24,400 कार्षापणांचा आकडा आहे. शून्य नव्हतं, एकक-दशकाची जागा नव्हती. शंभराला वेगळं चिन्ह, हजाराला वेगळं. आपल्या देशातल्या आकड्यांचा इतिहास सांगणाऱ्याला या भिंतीपाशी यावंच लागतं.

पण माझं मन रेंगाळतं ते वेगळ्याच जागी. या लेखात राणीचं वर्णन आहे की ती महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तापसी झालेली, व्रतस्थ आहे. नवरा गेलेला, मुलं लहान, राज्य मोठं. तिने आपल्या घराण्याचं सगळं सांगणं एखाद्या राजवाड्याच्या भिंतीवर कोरलं नाही, जिथून रोज शेकडो अनोळखी माणसं घामाघूम होऊन जातात त्या वाटेवर कोरलं. मागच्या भिंतीवर घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, स्वतः राणी, राजकुमार, आणि तिचे वडील महारठी त्रणकयिर. वर नावं कोरली होती. आज मूर्ती नाहीत, पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. मी जेव्हा जेव्हा तिथे जातो तेव्हा माणसं या खुणांना पाठ टेकून डबा खाताना दिसतात. रागावण्यासारखं आहे, पण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. तिथे थांबून दोन शब्द सांगणं हे आपल्यासारख्यांचं काम आहे, आणि ते मी करतो.

ही वाट एवढी महत्त्वाची का, ते नकाशावर बोट ठेवलं की कळतं. खाली शूर्पारक म्हणजे आजचं सोपारा आणि कल्याण, ही बंदरं. वर पैठण, सातवाहनांची राजधानी. दोहोंच्या मधे ही भिंत, आणि भिंतीत ही खाच. घाटमाथ्यावरच्या रांजणात जकातीची नाणी टाकत, असं परंपरेने सांगितलं जातं. म्हणून नाणेघाट.

खाच ओलांडली की सुमारे 30 किलोमीटरवर जुन्नर. या गावाभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा लेणी, शिवनेरीच्या अंगावरची लेणी. तुळजा लेण्यातलं चैत्यगृह गोल आहे, बारा खांबांच्या कड्यात मधे स्तूप. लेण्याद्रीला अष्टविनायकातल्या गिरिजात्मजाच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. पण शेजारच्याच चैत्यगृहात किती जण शिरतात? शिरावं. गणपतीचं देऊळही मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार आहे, हे कळल्याने भक्ती कमी होत नाही, हा माझा अनुभव आहे.

ही लेणी एखाद्या राजाने एकहाती कोरवलेली नाहीत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. कासारांची आणि बांबूचं काम करणाऱ्यांची श्रेणीही दानलेखांत आहे. आणि यवन आहेत, समुद्रापलीकडून आलेली माणसं. चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. त्याच्या लेखात शब्द आहेत 'बे पोढियो'. पोढी म्हणजे टाकं. आणि बे म्हणजे दोन! आपण सगळे लहानपणी ओट्यावर बसून बे एके बे, बे दुणे चार म्हणत आलो. तोच हा बे. एक परदेशी माणूस जहाजाने येतो, घाट चढतो, तहानेने व्याकूळ होतो आणि दान कशाचं करतो, तर पाण्याचं. घाट खालून चढलेल्या माणसालाच हे सुचावं. त्या टाक्यांपाशी उभं राहिलं की मला आपल्या भाषेचं वय अंगावर आल्यासारखं होतं.

जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे गड या वाटेचे राखणदार. जीवधनला लागूनच वानरलिंगीचा सुळका आहे, त्याच्याकडे मान वर करून बघितलं तरी पाय लटपटतात. 1818 मध्ये इंग्रजांनी या गडांपैकी काहींच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्यामुळे तिथे आजही मधली जागा कातळाला धरून पार करावी लागते. शिवनेरीबद्दल मी काय सांगू? 19 फेब्रुवारी 1630 हा दिवस आपल्याला पाठ आहे. एवढंच सांगतो की सात दरवाज्यांनी वर जाताना गडाच्या पोटातली लेणीही बघा. शिवराय जन्मले त्याच्या दीड हजार वर्षांहून आधी त्या डोंगराने भिक्षूंना आसरा दिला होता. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा गडांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत शिवनेरी आहे. आनंद झालाच. आता गर्दी वाढेल, आणि वाढावीही. मात्र गर्दी शिवजन्मस्थानापाशी थांबते आणि तिथूनच परतते. लेण्यांकडची पाऊलवाट बाराही महिने मोकळी असते.

हरिश्चंद्रगडावर थोडकं बोलतो, कारण तो एका व्याख्यानात मावणारा नाही. अकोले तालुका, उंची 1424 मीटर. पाचनईकडून गेलात तर लवकर पोचाल, खिरेश्वरकडून तोलारखिंडीने गेलात तर दमून पोचाल. मी दुसरी वाट सुचवेन. वर हरिश्चंद्रेश्वराचं दगडी देऊळ, ज्याचं शिखर खोलगट जागेतून एकदम पुढ्यात येतं. जवळच केदारेश्वराची गुहा, तिच्यात गार पाण्यात मोठं शिवलिंग आणि भोवतीच्या चार खांबांपैकी एकच धड उभा. योगी चांगदेवांनी 'तत्त्वसार' हा ग्रंथ याच गडावर 1312 मध्ये लिहून पुरा केला. मी एकदा पहाटे त्या देवळाच्या आवारात बसलो होतो. वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. ग्रंथ लिहायला माणूस इथे का आला असेल, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

मग कोकणकडा. अर्धगोल, आतल्या बाजूला वळलेला, हजार फुटांहून खोल. लोक तिथे सूर्यास्ताला जमतात. मी म्हणेन, पावसाळ्याच्या शेवटी सकाळी जा. ऊन पाठीमागून येत असेल आणि समोर दरीत धुकं भरलेलं असेल, तर त्या धुक्यावर पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि मधोमध तुमची सावली. त्याला इंद्रवज्र म्हणतात. शेजारी उभ्या माणसालाही वज्र दिसतं, पण त्याच्या मधोमध त्याची सावली. मी तीनदा रित्या हाती परतलो आणि चौथ्या वेळी ते दिसलं, जेमतेम दोन मिनिटं. कड्याच्या टोकाशी उभं राहू नका, पालथं झोपून बघा. दगड ओला असतो आणि वारा कधी खालून ढकलतो, कधी एकदम सोडून देतो.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हे डोंगर रिकामे नाहीत. घाटघर, खिरेश्वर, पाचनई ही महादेव कोळी समाजाची गावं आहेत. आत्ता आपण इथे पंख्याखाली बसलो आहोत, त्या वेळी तिथली माणसं रानात बाळहिरडा गोळा करत असतील. झोडायचा, वाळवायचा, पोत्यांत भरायचा, त्या पैशांवर पावसाळ्याचं बी-बियाणं यायचं. पावसात खाचरांत भात, उतारावर नाचणी-वरई. हिवाळ्यात तुम्ही-आम्ही जातो तेव्हा तेच लोक आपल्याला पिठलं-भाकरी वाढतात आणि वाट दाखवतात. नाळ कुठली, दांड कुठला, कुठल्या टाक्यातलं पाणी चैत्रापर्यंत टिकतं, हे त्यांना विचारावं. मोबाइलमधल्या नकाशाने मला एकदा अंधारात चुकीच्या नाळेत उतरवलं होतं. खिरेश्वरच्या एका काकूंच्या मुलाने बॅटरी घेऊन येऊन परत वर काढलं. त्याने पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हा मी त्याच्या आईच्या हातात बळेच ठेवले. वाटाड्याची मजुरी ठरवून, मोजून द्या. घासाघीस करू नका. आणि आपला कचरा खाली घेऊन या, कारण वर तो उचलायला कोणी नाही.

येत्या मार्गशीर्षात मी पुन्हा वैशाखऱ्याहून चढणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला इथे मंचाजवळ भेटावं. कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाट्याकडे जाणारी पहाटेची एसटी धरायची आणि वैशाखऱ्याला उतरायचं. दोन बाटल्या पाणी, जाड तळव्याचे बूट, दुपारची भाकरी. लेण्यात पोचल्यावर आधी अर्धा तास ओट्यावर कोणी बोलायचं नाही. मग मी भिंतीपाशी जाईन आणि आपण ती अक्षरं एकेक करून वाचू.