नदीच्या तळाखालून

महाराष्ट्रातील प्रवाशाला हावडा हे नाव प्रथम भेटते ते आगगाडीच्या पाटीवर. मुंबईहून नागपूरमार्गे निघालेली मेल सारा मध्य भारत ओलांडून जेथे विसावते, ते हे स्थानक. परंतु कोलकात्यास निघालेल्या माणसाचा प्रवास येथे पुरा होत नाही; कारण स्थानक हुगळी नदीच्या एका तीरावर आहे आणि नगर दुसऱ्या. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली त्यानंतर अवघ्या सोळा महिन्यांनी, १५ ऑगस्ट १८५४ रोजी, हावड्याहून हुगळीकडे गाडी धावली. तेव्हापासून एकच प्रश्न हावड्यापुढे उभा आहे : नदी ओलांडावी कशी? प्रत्येक पिढीने आपापल्या काळच्या यंत्रविद्येनुसार त्याचे उत्तर दिले, आणि त्या प्रत्येक उत्तराने लोकांची दिनचर्या थोडी थोडी बदलली.

आरंभी होड्या होत्या. १८७४ साली सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांच्या योजनेप्रमाणे तराफ्यांवर तरंगणारा पूल झाला. जहाजांना वाट देण्यासाठी या पुलाचा मधला भाग बाजूला करावा लागे, आणि तेवढा वेळ दोन्ही तीरांवरची वर्दळ थांबून राही. फेब्रुवारी १९४३ मध्ये, ऐन युद्धाच्या धामधुमीत, पोलादाचा नवा पूल खुला झाला. त्यासाठी सुमारे २६,५०० टन पोलाद लागले व त्यातील बहुतांश टाटांच्या कारखान्यातून आले. पात्रात एकही खांब नाही, आणि सांधे नट-बोल्टांनी नव्हे तर रिवेटांनी जोडलेले. १९६५ साली त्याला रवींद्र सेतू हे नाव मिळाले; लोकांच्या तोंडी मात्र तो हावड्याचा पूलच राहिला.

नदीखालून जाण्याची कल्पनाही आजची नव्हे. हार्ली डॅलरिंपल-हे या इंग्रज अभियंत्याने १९२१ च्या सुमारास कलकत्ता व हावडा यांना जोडणाऱ्या भुयारी रेल्वेची योजना आखली होती. खर्चाच्या आकड्यांपुढे ती कागदावरच राहिली. ती प्रत्यक्षात यावयास शंभर वर्षे जावी लागली. २०१७ साली ‘रचना’ व ‘प्रेरणा’ या दोन यंत्रांनी नदीखालील दोन बोगदे खणले आणि मार्च २०२४ मध्ये हावडा मैदान ते एस्प्लनेड हा मेट्रोचा मार्ग सुरू झाला. नदीखालचे अंतर सुमारे ५२० मीटर. गाडी ते पाऊण मिनिटात कापते. बाहेर काळोखच असतो, म्हणून नदी आली हे उतारूंना कळावे यासाठी तेथे निळे दिवे लावले आहेत.

या यंत्राचे काम कसे चालते हे जाणण्याजोगे आहे. नळकांड्यासारख्या त्याच्या देहाच्या तोंडाशी फिरते चक्र असते. ते माती कोरते, आणि कोरलेली माती तोंडाशीच दाबून धरून समोरच्या पाण्याचा व मातीचा रेटा तोलते. पाठोपाठ काँक्रीटचे वक्र तुकडे जोडून बोगद्याचे कडे पुरे होते. तुकड्यांच्या सांध्यांत पाणी शिरू नये म्हणून रबरासारख्या पट्ट्या बसवितात. सारे यश अवलंबून असते ते या समतोलावर.

आणि येथेच या कथेतील विचार करावयास लावणारा भाग येतो. जिची सर्वांना धास्ती होती ती नदी निर्विघ्न पार पडली. संकट आले ते कोरड्या जमिनीवर, माणसांच्या घरांखाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बहूबाजार या जुन्या वस्तीखाली ‘चंडी’ नावाचे यंत्र पाण्याने भरलेल्या थरात शिरले. पाणी व गाळ बोगद्यात घुसला, वरची जमीन खचली, आणि दुर्गा पितुरी लेन व भोवतालच्या गल्ल्यांतील घरांना तडे गेले, काही कोसळली. शेकडो लोकांना अंगावरच्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले. ही वस्ती सोनारकामाची. तेथे एका घराबरोबर कित्येकदा दुकान आणि कारागिराची बैठकही जाते. ‘चंडी’ तेथेच निकामी झाले आणि उरलेला बोगदा ‘उर्वी’ या दुसऱ्या यंत्राने पुरा केला. २०२२ साली त्या भागातील घरांना पुन्हा तडे गेले. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये हावडा मैदान ते सॉल्ट लेक सेक्टर पाच हा १६.६ किलोमीटरांचा मार्ग सलग झाला, आणि हावडा व सियालदह ही दोन महास्थानके काही मिनिटांच्या अंतरावर आली.

ही मिनिटे क्षुल्लक नव्हेत. उपनगरातून रोज येणाऱ्या कारकुनाला, परिचारिकेला, विद्यार्थ्याला वाचलेला अर्धा तास म्हणजे घरातील मुलाबाळांचा सहवास, नाहीतर थोडी अधिक झोप. परंतु हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात. वेळ वाचला तो लाखोंचा, थोडा थोडा. घर गेले ते थोड्यांचे, पण सबंध. लाखांच्या लाभाची बेरीज मोठी म्हणून थोड्यांचे नुकसान आपोआप भरून निघत नाही. ते भरून काढणे हा प्रकल्पाच्या खर्चाचाच भाग आहे, उपकाराचा नव्हे. आणि तो खर्च पोलाद व काँक्रीट यांच्या खर्चाबरोबर आधीच मांडला गेला पाहिजे.

नवे साधन आले म्हणजे जुने नाहीसे होते, हा समजही हावड्यास टिकत नाही. पुलाच्या पायथ्याशी मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे. तेथून झेंडूच्या माळांचे भारे डोक्यावर घेतलेला हमाल आजही पुलावरूनच जातो. तेवढे ओझे घेऊन त्याला मेट्रोत शिरता येत नाही. घाटावरून नावाही सुटतात. याच पुलाने आणखी एक धडा दिला आहे. ज्या पोलादाला वादळे व वाहनांचा भार डळमळवू शकला नाही, त्याच्या आधारांचे तळ पानाच्या पिंकांनी झिजू लागले, आणि गेल्या दशकात त्यांना काचतंतूंची आवरणे घालावी लागली. यंत्रविद्या अभियंता देतो. तिचे आयुष्य मात्र वापरणाऱ्याच्या सवयींवर ठरते.

हे सारे दूरच्या बंगालचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही. सप्टेंबर २०२४ पासून पुण्याची मेट्रो मुठेच्या पात्राखालून स्वारगेटला जाऊ लागली आहे, आणि मुंबईचा भुयारी मार्ग मिठी नदीखालून जातो. या शहरांतही जुन्या पेठा आहेत, चाळी आहेत, भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरे आहेत. तेथे पुढे जेव्हा जेव्हा भुयार खणले जाईल, तेव्हा वरच्या घरांत कोण राहते, त्यांच्या भिंती किती जुन्या आहेत आणि संकट आलेच तर त्या रात्री त्यांनी जावे कोठे, या प्रश्नांची उत्तरे यंत्र जमिनीत उतरण्यापूर्वी तयार असावयास हवीत. बहूबाजारच्या रहिवाशांनी ती उत्तरे फार मोठे मोल देऊन विचारावयास लावली आहेत.