एका आगंतुक शब्दाविषयी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नारायण पेठ, पुणे येथे केलेले भाषण)



यंदाच्या वार्षिक अहवालाचा मसुदा कार्यकारिणीपुढे आला, तेव्हा त्यात एक वाक्य असे होते : ‘आपल्या समाजातील तरुण पिढीला आयडेंटिटी क्रायसिसने ग्रासले आहे.’ हे वाक्य लिहिणारे आम्हीच, हे आरंभीच कबूल करतो. कार्यकारिणीतील एका तरुण भगिनीने नम्रपणे पृच्छा केली, ‘ग्रासले आहे म्हणजे त्यांना नेमके काय झाले आहे?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर आम्हांपाशी नव्हते. आजचे हे चार शब्द त्या निरुत्तर अवस्थेतून निघाले आहेत.

परका शब्द मराठीत येऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. टेबल, पेन्शन, स्टेशन हे शब्द आपल्या घरचे झाले. परंतु ‘स्टेशनवर या’ म्हटले म्हणजे कोठे जावयाचे, हे सांगणाऱ्यास व ऐकणाऱ्यास सारखेच ठाऊक असते. आपल्या या नारायण पेठेतच केसरीवाडा आहे. १८८१ साली सुरू झालेल्या ‘केसरी’ने आणि त्या काळच्या इतर पत्रांनी कितीतरी नवे विचार मराठी वाचकापुढे मांडले, पण वाचकाला समजावून देण्याची जबाबदारी लेखकाने आपल्या अंगावर घेतली होती. आम्ही मात्र शब्द घेतला आणि जबाबदारी टाकून दिली.

म्हणून त्या शब्दाचे मूळ पाहिले. तो रूढ केला एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने. त्यांचा जन्म १९०२ साली जर्मनीत झाला. आई डेन्मार्कची ज्यू. जन्मदात्या पित्याची ओळख त्यांना कधीच मिळाली नाही. सावत्र पित्याच्या नावाने ते वाढले. ज्यू मुलांत ते गोरेपणामुळे परके ठरत आणि शाळेतील जर्मन मुलांत ज्यू म्हणून. पुढे अमेरिकेचे नागरिक झाल्यावर त्यांनी एरिक्सन हे आडनाव स्वतःच धारण केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रणांगणावरून परतलेल्या काही सैनिकांवर उपचार करताना त्यांना दिसले की, या माणसांना आपले नाव-गाव आठवते, परंतु कालचा आपण आणि आजचा आपण एकच आहोत, हा धागा मात्र तुटला आहे. त्या अवस्थेला त्यांनी हे नाव दिले. नंतर तारुण्याच्या उंबरठ्यावर प्रत्येकास पडणाऱ्या ‘मी कोण होणार?’ या प्रश्नालाही त्यांनी तेच नाव लावले. हे गृहस्थ आपल्या देशालाही अपरिचित नव्हते. अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणीसंपाच्या आधारे त्यांनी महात्मा गांधींवर लिहिलेला ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांच्या लेखी ‘क्रायसिस’ म्हणजे अरिष्ट नव्हे, तर वळण होय. त्या वळणावर मनुष्य मागे पडेल किंवा पुढे जाईल. पण वळण येणे हे वाढीचेच लक्षण आहे. आम्ही त्यास ‘ग्रासले’ हे क्रियापद जोडले आणि वाढीचा रोग केला.

मराठी प्रतिशब्द योजतानाही अशीच गफलत होते. ‘आयडेंटिटी’ला आपण ‘अस्मिता’ म्हणतो. पतंजलींच्या योगसूत्रांत अस्मिता ही पाच क्लेशांपैकी एक आहे; अविद्येच्या पाठोपाठ तिचे नाव येते. आज तोच शब्द अभिमानाचा झाला आहे. शब्दांचे अर्थ पालटतात, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ‘अस्मितेचे संकट’ म्हटले की कोणीतरी बाहेरून आपल्यावर चाल करून आले आहे, असा भास होतो. मनातल्या प्रश्नाला असा नसता शत्रू मिळतो. त्यापेक्षा ‘ओळखीचा पेच’ हे साधे शब्द आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतात. पेच सोडवावयाचा असतो. त्याच्याशी लढावयाचे नसते.

खरा पेच कसा असतो, हे पाहावयाचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावीत. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी पतीबरोबर जावे, तर जात व आप्तस्वकीय सुटतात. न जावे, तर संसार सुटतो. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे दोघे एकत्र आले आणि मग १९०० साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मचरित्रात हा पारिभाषिक शब्द नाही, कारण तो तेव्हा प्रचारातच नव्हता. तरीही त्या बाईंच्या मनात काय चालले होते, हे आपणांस घरच्या माणसाच्या मनासारखे कळते.

याच्या शेजारी आपले रोजचे लेखन ठेवून पाहावे. नोकरी बदलावी की नाही, हा संभ्रम. निवृत्तीनंतर सकाळी कोठे जावे हे न सुचणे, ही पोकळी. परगावी करमत नाही, हा उपरेपणा. विद्याशाखा निवडताना होते ती द्विधा मनःस्थिती. या प्रत्येकासाठी मराठीत वेगळा शब्द आहे, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. सर्वांस एकच भारदस्त नाव दिले, की लेखकाचे काम संपते आणि दुःख जेथल्या तेथे राहते.

आता पुन्हा त्या अहवालाकडे वळू. भगिनीच्या प्रश्नानंतर आम्ही ते वाक्य खोडले आणि आम्हांस काय म्हणावयाचे होते, ते साध्या शब्दांत लिहू लागलो. तेव्हा असे लिहिले गेले : ‘आपले बरेच तरुण आता पेठांत राहत नाहीत. मंडळाची पत्रके अजून त्यांच्या वडिलांच्या जुन्या पत्त्यावर जातात. गेल्या वर्षात आम्ही त्यांना एकही प्रश्न विचारला नाही.’ यात कोणाचा पेच आहे, हे सूज्ञांस सांगणे नलगे.

परंतु एक खरा पेच आमच्या दप्तरातच सापडला. आपल्या एका कन्येने अन्य समाजातील तरुणाशी विवाह केला. त्यांच्या चिरंजीवाने सभासदत्वाचा अर्ज भरला. ज्ञातीच्या रकान्यात त्याने आईची व वडिलांची अशा दोन्ही ज्ञाती लिहिल्या आणि खाली विचारले, ‘मी आपल्यापैकी आहे की नाही, हे कृपया कळवावे.’ तो अर्ज सात महिने अनुत्तरित पडून होता. त्याच सात महिन्यांत आम्ही तरुण पिढीच्या आयडेंटिटी क्रायसिसवर अहवाल लिहीत होतो! त्या मुलाला आपण कोण आहोत, हे चांगले ठाऊक आहे. त्याने ते दोन्ही नावांनिशी स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे. ठाऊक नाही ते आम्हांला; आणि तो प्रश्न मानसशास्त्राचा नसून आमच्या घटनेतील एका कलमाचा आहे.

ते कलम आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. निर्णय सभेचा आहे आणि तो कसाही होवो, आमची विनंती एवढीच की, त्या अर्जास उत्तर याच आठवड्यात जावे, आणि ते कोणत्याही जड शब्दाच्या आड न लपता ‘होय’ किंवा ‘नाही’ असे जावे. आमचे स्वतःचे मत ‘होय’ असे आहे.