ज्याची तिथी माहीत नाही

मी म्हैसूरहून बोलतोय. इथून समुद्र लांब आहे, पण आजचा विषय समुद्रात हरवलेल्या माणसाचा आहे. माझ्या आजीचा थोरला भाऊ, म्हणजे वडिलांचा मामा. रत्नागिरीकडचा. मुंबईला जाऊन बोटीवर खलाशी म्हणून लागला आणि दुसऱ्या महायुद्धात गेला तो आलाच नाही. कुठली बोट, कुठला दिवस, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नारळी पौर्णिमेला आजी दोन नारळ सोडायची. एक दर्याचा, एक भावाचा.

माझे इथले शेजारी फ्रीमेसन आहेत. एकदा चहा पिताना ते लंडनच्या फ्रीमेसन्स हॉलबद्दल सांगत होते. पहिल्या महायुद्धात गेलेल्या मेसन बंधूंचं स्मारक म्हणून ती इमारत उभी राहिली, १९३३ साली पुरी झाली. ३,०००हून अधिक नावं तिथे नोंदलेली आहेत. मी ऐकत होतो आणि मनात येत होतं, आमच्या मामाचं नाव कुणी लिहिलं असेल?

लिहिलेलं आहे, असं कळलं. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांचं स्मारक आहे. व्यापारी बोटींवरचे सुमारे ६,००० आणि रॉयल इंडियन नेव्हीचे ४००हून अधिक, सगळे समुद्रातच राहिलेले. नावं एका ग्रंथात आहेत. तसाच ग्रंथ चितगावलाही आहे, कारण तिकडची माणसंही याच बोटींवर होती. मामाच्या नावाची माणसं यादीत सापडली. एक नाही, बरीच! त्यातला आपला कुठला?

मग बुडालेल्या बोटींबद्दल मिळेल ते वाचत गेलो. त्यात ‘तिलावा’ भेटली. २० नोव्हेंबर १९४२ला ती मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. २३ तारखेला जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. बोट लगेच बुडाली नाही, म्हणून होड्यांत उतरलेले काही जण परत वर चढले. मग दुसरा टॉर्पेडो बसला. बिनतारी अधिकारी डंकन शेवटपर्यंत मदतीचे संदेश पाठवत राहिले आणि बोटीबरोबर गेले. ९५८ जणांपैकी २८० दगावले. मामा त्यांत होता असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही.

त्या पाणबुडीचं नाव आय-२९. हे वाचून मी थबकलो. पुढच्याच एप्रिलमध्ये भर समुद्रात जर्मन पाणबुडीतून नेताजींना उतरवून घेतलं ते हिनेच! नेताजींचा तो प्रवास मी शाळेत असताना रंगवून सांगायचो. तेव्हा तिलावा ऐकलेलीसुद्धा नव्हती. नेताजींबद्दलचा आदर कमी झालेला नाही, पण आता ती गोष्ट सांगताना पाच महिने आधीचीही सांगतो.

तिलावावर चांदी होती. २०१७ साली समुद्रतळातून २,३६४ लगडी वर काढल्या. मालकीचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लगडी मोजून झाल्या, हे मात्र खरं.

तिथी माहीत नसलेल्यांचं सर्वपित्री अमावास्येला करतात. त्या दिवशी मी श्रीरंगपट्टणजवळ पश्चिमवाहिनीला जातो. पहिल्या वर्षी गुरुजींनी विचारलं, नाव काय? यादीतलं घ्यावं तर ते कितीजणांचं. आजी त्याला घरात ज्या नावाने हाक मारायची, ते मी सांगितलं.