भुयारी वाटेवरील भित्तिचित्र
(मंडळाच्या गगनबावडा येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



गगनबावड्यात भुयारी मार्ग नाही. आपल्याला खाली कोकणात जायचे तर करूळ किंवा भुईबावडा घाटाची वळणे उतरावी लागतात. मग या विषयाचे येथे प्रयोजन काय? आपली कित्येक कुटुंबे आता शहरांत राहतात. त्यांच्या मुली शिकवणीहून परतताना भुयारी मार्ग टाळून भरधाव वाहनांमधून रस्ता ओलांडतात, असे गतवर्षी याच मांडवात एका मातेने सांगितले. कारण काय, तर आत काळोख, दुर्गंधी आणि थुंकीने माखलेल्या भिंती! त्या भिंतींवर चित्रे काढावीत, अशी तरुणांची सूचना आहे. ती मला मान्य आहे. परंतु स्वतःची एक फजिती सांगितल्यावाचून राहवत नाही.

नोकरीत असताना मी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या भिंतीवर गगनगडाचे चित्र काढवून घेतले. तैलरंग वापरले आणि तेही ऐन वैशाखात. येथला पाऊस आपणांस ठाऊकच आहे. भिंतीत मुरलेले पाणी बाहेर पडू पाहते, तैलरंगाचा पापुद्रा त्यास अडवतो आणि फुगे येऊन सुटतो. नागपंचमीपर्यंत गडाचा बुरूज गळून पडला. मुले हसली; मला मात्र फार लागले. दोष पावसाचा नव्हता, माझा होता.

भुयारी मार्गाची भिंत तर मातीला टेकलेली. म्हणून महानगरपालिकेकडे अर्ज करावा तो केवळ परवानगीचा नसावा. गळती बंद करणे, गटार मोकळे करणे आणि दिवे लावणे हेही त्यात मागावे. रंग त्यानंतर. जुना थर खरवडून, पावसाळा सरून भिंत सुकल्यावर चुन्याचा हात द्यावा. चुना ओल कोंडून ठेवत नाही. छत पांढरेच ठेवावे, म्हणजे थोडा उजेडही पुरतो.

मुंबईत २००९ साली सेनापती बापट मार्गावरील रेल्वेलगतची लांबलचक भिंत नागरिकांनी रंगवली. त्यांत चित्रकार होते, तसे हौशी लोकही होते. आपणही त्या वाटेने रोज जाणाऱ्यांनाच कुंचला द्यावा, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत. भाजीवालीने एक पान रंगवले, तर त्यावर थुंकणाऱ्यास तीच हटकील.

थुंकू नये म्हणून देवांच्या फरशा बसवाव्यात, असे काहींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. देवाला पहारेकरी कशाला करावे? विषयांची का वाण आहे? घाटाखाली कुडाळजवळ पिंगुळी आहे. तेथील चित्रकथी परंपरेचे श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या परंपरेच्या कलावंतांस बोलवावे आणि मानधन द्यावे. फुकट राबवू नये. देणगीदारांची नावे मात्र चित्रावर नकोत, आपल्या मंडळाचेही नको.

मोठे चित्र भिंतीवर उतरवण्यासाठी आधी चौकटी आखाव्या लागतात. ते काम मला जमते. दोरी आणि खडू घेऊन मी येईन. शिडीवर मात्र तरुणांनी चढावे.