घर शाकारताना

श्रोतेहो, हिमाचलातल्या कांगड्यात घरावर पाटीचा दगड घालतात. तो थराथराने सुटतो. आपल्या कळंबकडचा काळा कातळ तसा सुटत नाही. म्हणून आपण मातीचे कौल धरले.

कुंभार चाकावर एका टोकाला निमुळती नळी काढी. ती अर्धवट सुकली की उभी चिरून दोन नळे करी नि भाजी. छपरावर एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी पालथी. पुढे १८६५ साली मंगळुरात बासेल मिशनने कारखाना काढला, आणि खुंटीने रिपेला अडकणारे मंगलोरी कौल आले.

नळा मात्र नुसत्या वजनावर राहतो. वाऱ्याने, मांजराने सरकतो. म्हणून दरसाल शाकारणी. आधी वासे-रिपांना वाळवी आहे का पाहा. कौल बोटाने वाजवा. बद्द वाजले तर बाजूला टाका. वळचणीपासून आढ्याकडे लावत चला.

मृगाची वाट मात्र पाहू नका. २०२१ साली तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले ते मे महिन्यातच!

आणि गुरुजी, गावात जाणता शाकारणारा असेल तर मुलांना त्याच्याकडे न्या. हे काम पाहूनच शिकायचे असते.